मायना आणि मान

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाची कचेरी आहे. मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरीही याच वसाहतीत. सरकारी कागद मराठीत कसा लिहावा हे पहिल्या कचेरीने बसवून दिले. दुसरीत लोक तसा कागद हातात धरून रांगेत उभे राहतात. काम दाखल्याचे असो की जमिनीच्या फेरफाराचे, अर्जाची सुरुवात ठरलेली. ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब’, खाली विषय, मग ‘महोदय’, मग ‘सविनय विनंती की’. शेवटी ‘आपला नम्र’ आणि सही. ज्याने आयुष्यात दुसरे पत्र लिहिलेले नाही, त्यालाही एवढे येते.

पत्राच्या या सुरुवातीला मायना म्हणतात. एके काळी तो शिकून घ्यावा लागे. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, लहानांना ‘चिरंजीव’. परक्या गृहस्थाच्या नावाआधी ‘रा. रा.’, म्हणजे राजमान्य राजश्री. बरोबरीच्या माणसाला ‘स. न. वि. वि.’, सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मोठ्यांना ‘सा. न. वि. वि.’, इथे सप्रेमचा साष्टांग झाला. आणखी आदर दाखवायचा तर ‘शि. सा. न. वि. वि.’, शिरसाष्टांग. लहानांच्या वाट्याला नमस्कार नाही, ‘अ. उ. आ.’, अनेक उत्तम आशीर्वाद. पहिली ओळ वाचली की कोण कोणाला लिहितो आहे, वयाने आणि मानाने कोण मोठा, हे मजकुराआधीच कळून जाई.

ही रीत दफ्तरातून घरात आली. पेशवाईतल्या पत्रांत ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असा लांबलचक मायना दिसतो आणि पुढे नमस्कार, आशीर्वाद, दंडवत किंवा रामराम, जसा ज्याचा मान तसा. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नसत. चुकीचा मायना हा अपमान समजला जाई.

त्यावरून सरकारदरबारी तंटेही झाले. ९ ऑगस्ट १७७९ रोजी मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनी सरकारने सोनार समाजाला ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. तसा लेखी हुकूम त्यांच्या प्रमुखाला गेला आणि तो साऱ्या जातीला कळवून कडक पाळला जाईल हे बघण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. ‘नमस्कार’ तेव्हा ब्राह्मणांचा समजला जाई; इतरांनी तो केला तर बरोबरी सांगितल्यासारखे होई. आज दूरदर्शनवरच्या बातम्या ज्या शब्दाने सुरू होतात, ज्या शब्दाने मराठी माणूस कोणत्याही अनोळखी माणसाशी बोलायला लागतो, तो शब्द मुंबईत एका जातीला कायद्याने बंद होता. हे आपण विसरलो आहोत, आणि विसरता कामा नये.

जे तळाशी होते त्यांच्यासाठी वेगळाच शब्द होता. महार माणसाने वरच्यांसमोर ‘जोहार मायबाप’ म्हणायचे, तेही अंतर राखून. त्या जोहाराच्या जागी ‘जय भीम’ उभा राहिला. तो रुजवण्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९३७ साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिशीतच वारले. ‘जय भीम’चे उत्तर ‘जय भीम’च. म्हणणारा आणि ऐकणारा एका पातळीवर. वारकऱ्यांतही असेच आहे: दोघे भेटले की ‘राम कृष्ण हरी’ म्हणत एकमेकांच्या पाया पडतात, वय-जात न पाहता.

बायकांच्या नावाआधीचे शब्द मात्र अजून नवऱ्याभोवती फिरतात. कुमारी, सौभाग्यवती, गंगा भागीरथी. पुरुषाला कायम ‘श्री.’ पुरतो. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ शब्द वापरण्याचा प्रस्ताव तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी सचिवांकडे चर्चेसाठी पाठवला. टीका झाली, निर्णय झाला नसल्याचा खुलासा त्यांना करावा लागला. टीका रास्तच होती. ‘श्रीमती’ प्रत्येक बाईला चालतो. घरात काय घडले ते पाकिटावर छापायचे कारण नाही.

भाषा संचालनालय ६ जुलै १९६० रोजी सुरू झाले, महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोन महिन्यांनी. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. संचालनालयाने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश काढले, कचेऱ्यांना मराठी वळण लावले. दर्जानुसार बदलणारे मायने सरकारी कागदातून गेले आणि तहसीलदारापासून सचिवापर्यंत सगळ्यांना ‘महोदय’ आला. हे काम मोठे आहे.

पण एक जागा राहिली. अर्जदार ‘महोदय’ म्हणून, ‘सविनय’ लिहून विनंती करतो. त्याला उत्तर येते : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’. नमस्कार नाही, आणि कोण कळवतो आहे तेही त्या वाक्यात नाही. एक अधिकारी दुसऱ्याला अर्धशासकीय पत्र लिहितो तेव्हा मात्र ‘प्रिय श्री.’ अशी सुरुवात असते, ‘सस्नेह नमस्कार’ असतो, खाली ‘आपला स्नेहांकित’ही असतो. म्हणजे सौजन्याची भाषा कचेरीला येते. ती आपसात वापरली जाते, एवढेच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सांगितले, त्यासाठी शासन निर्णय निघाला. फोनसाठी जे होऊ शकते ते पत्रासाठीही होऊ शकते. नागरिकाला जाणाऱ्या प्रत्येक उत्तरात त्याच्या नावापुढे ‘नमस्कार’ असावा, वाक्यात ‘मी’ किंवा ‘आम्ही’ असावे आणि खाली सही करणाऱ्याचे वाचता येईल असे नाव असावे. असा नमुना वांद्र्याच्या संचालनालयाने तयार करावा आणि त्याची सुरुवात त्याच वसाहतीतल्या जिल्हाधिकारी कचेरीपासून व्हावी.