प्ला-कत्, बेट्टा, फायटर : एका पाळीव माशाची नावे आणि त्याचे पालन

मुंबई-पुण्यातील शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत एक मासा इतरांपासून वेगळा मांडलेला दिसतो. गप्पी, मोली, एंजल इत्यादी मासे मोठ्या पेट्यांतून थव्याने हिंडत असतात. हा मात्र एकेका बरणीत किंवा प्लॅस्टिकच्या पेल्यात एकटा ठेवलेला असतो. गिऱ्हाईक त्यास ‘फायटर’ म्हणून ओळखते. पाट्यांवर व वेष्टनांवर ‘बेटा’, ‘बीटा’ व ‘बेट्टा’ अशी तीन लेखनरूपे आढळतात. प्राणिशास्त्रात तो ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ होय, आणि ज्या देशातून तो जगभर गेला त्या थायलंडमध्ये त्यास ‘प्ला-कत्’ म्हणतात. नावांचा हा पसारा भाषेच्या अभ्यासकास कुतूहलाचा वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. हौसेने घरी आणलेला हा मासा पुष्कळदा थोड्या आठवड्यांतच मरतो, आणि त्याच्या मरणास कारण होणाऱ्या गैरसमजुतींचा बराचसा अंश त्याच्या नावात व त्या नावाबरोबर प्रवास करून आलेल्या अर्धवट माहितीत आहे. नावाचे भाषांतर झाले. नावाभोवतीची शब्दसृष्टी मागे राहिली. ती थोडीशी उलगडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

‘प्ला’ म्हणजे मासा व ‘कत्’ म्हणजे चावणे. थाई नावाचा अर्थ एवढाच : चावणारा मासा. थाई लिपीत अंत्य वर्ण ‘द’कार लिहिला जातो, परंतु शब्दान्ती त्याचा उच्चार अघोष व अस्फुट होतो, म्हणून लिप्यंतरात ‘कद्’, ‘कत्’ व ‘काट’ अशी भिन्न रूपे दिसतात. युरोपीय भाषांत मात्र ‘चावणे’ या विशिष्ट क्रियेच्या जागी ‘लढणे’ ही व्यापक क्रिया आली आणि ‘सयामचा लढाऊ मासा’ हे नाव रूढ झाले. मराठी दुकानदाराने त्यातील ‘सयाम’ आणि ‘मासा’ ही दोन्ही पदे गाळली व ‘फायटर’ तेवढा ठेवला. तीन भाषांच्या या प्रवासात मुळातली एक क्रिया प्राण्याचा संपूर्ण स्वभाव होऊन बसली.

शास्त्रीय नावाचा इतिहासही कमी मनोरंजक नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले डॅनिश वैद्य थिओडोर कँटर यांनी मलायातील माशांची सूची कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत त्यांनी ‘पग्नॅक्स’, म्हणजे भांडखोर, हे जातिनाम योजिले आणि सयामचा लढाऊ मासा त्याच जातीचा एक प्रकार मानला. पुढे १९१० मध्ये ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांच्या लक्षात आले की, ही दोन माशांची गल्लत आहे. त्यांनी सयामच्या माशास ‘स्प्लेंडेन्स’, म्हणजे झळाळणारा, असे नवे नाव दिले. ‘पग्नॅक्स’ हे जुने नाव नियमाप्रमाणे दुसऱ्या माशाकडे राहिले. परिणाम असा की, आज ‘भांडखोर’ हे शास्त्रीय बिरुद मलायाच्या ओढ्यांत राहणारा व पिलांची अंडी तोंडात सांभाळणारा एक तुलनेने शांत मासा मिरवीत आहे. नाव आणि नामधारी यांची फारकत याहून अधिक स्पष्ट क्वचितच पाहावयास मिळेल.

‘बेट्टा’ हे प्रजातिनाम डच वैद्य पीटर ब्लीकर यांनी १८५० मध्ये जावा बेटावरील एका माशाच्या स्थानिक नावावरून घेतले. तेव्हा त्याचा ग्रीक वर्णमालेतील दुसऱ्या अक्षराशी काहीएक संबंध नाही; ‘बीटा’ हे लेखन इंग्रजी उच्चाराच्या गोंधळातून आले आहे. ‘बेटा’ या लेखनात द्वित्व लोपले व शब्द आपल्याकडील पुत्रवाचक शब्दाशी समरूप झाला. लहान मुलांना हा योगायोग भारी आवडतो, आणि त्यामुळे ते रूप टिकूनही राहील असे वाटते.

थाई नावाचा अर्थसंकोचही नोंदण्याजोगा आहे. मूळ भाषेत ‘प्ला-कत्’ हा या माशाचा सर्वसाधारण वाचक शब्द. पण जागतिक बाजारात ‘प्लाकाट’ म्हटले की केवळ आखूड परांचा प्रकार अभिप्रेत असतो. उलट लांब, झुळझुळीत परांच्या माशास थाई लोक ‘प्ला-कत् चीन’, म्हणजे चिनी प्ला-कत्, असे म्हणतात. चिनी नाटकांतील घोळदार पेहरावाची आठवण त्या परांवरून होते असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मुळात तोही सयामचाच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून या माशाचे माणसाळणे निदान एक हजार वर्षांइतके जुने असावे असे दिसते. पाळीव माशांत एवढी जुनी परंपरा फार थोड्यांना आहे. २०१९ मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

हजार वर्षांच्या सहवासाचे ठसे भाषेवर उमटले नसते तरच नवल. मराठीने जसे कुस्तीतून ‘चीतपट करणे’ व पतंगबाजीतून ‘ढील देणे’ हे प्रयोग उचलले, तसे थाई भाषेने या माशाच्या पालनातून कितीतरी प्रयोग उचलले आहेत. रानातून किंवा शेतातून धरलेला मासा तो ‘लूक् पा’, रानचे लेकरू. माणसाने वाढविलेला तो ‘लूक् मॉ’, मडक्याचे लेकरू. आज एखाद्या संस्थेत आरंभापासून वाढलेल्या जुन्या माणसासही ‘लूक् मॉ’ म्हणतात. झुंजीच्या माशास सराव देण्यासाठी ज्या दुबळ्या माशाचा पाठलाग करू देत तो ‘लूक् लाय’. आणि दुसऱ्याच्या धाकात सदैव वावरणाऱ्या माणसासही तेच विशेषण लागते. हरलेल्या माशाचा रंग उडतो, त्यास ‘थॉत् सी’, म्हणजे रंग उतरविणे, म्हणतात. भीतीने चेहरा पांढराफटक पडणे या अर्थाने तो प्रयोग सर्वत्र चालतो. नर मासा पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेचे बुडबुडे जोडून फेसाचे जे घरटे बांधतो ते ‘वॉत्’. ‘कॉ वॉत्’, शब्दशः घरटे रचणे, याचा लाक्षणिक अर्थ मात्र चार माणसे गोळा करून गडबडीची तयारी करणे असा आहे.

हे शब्द एकत्र ठेवले असता ध्यानात येते की, त्यांत झुंजीच्या प्रत्यक्ष क्षणाहून निरीक्षणाचा भाग अधिक आहे. मासा कोठे वाढला, कोणाच्या धाकात आहे, त्याचा रंग कसा आहे, पृष्ठभागावर फेस आहे की नाही, हे रोज पाहणाऱ्या माणसाची ही भाषा आहे. घरी बेट्टा पाळणाऱ्यास ‘फायटर’ या शब्दापेक्षा हीच शब्दावली अधिक उपयोगी पडेल. उदाहरणार्थ, रंग फिका पडणे व अंगाच्या लांबीने काळसर पट्टे उमटणे हे भीतीचे किंवा त्रासाचे लक्षण होय. (रात्री झोपेतही रंग फिका होतो, तेवढ्याने घाबरू नये.) घरट्याविषयी दुकानांतून असे सांगतात की, फेस दिसला म्हणजे मासा आनंदात आहे असे समजावे. हे खरे नव्हे. प्रौढ नर घाणेरड्या पेल्यातही घरटे बांधतो. त्यावरून तो प्रजननास सिद्ध आहे एवढेच कळते. घरट्यापाठोपाठ प्रणयाराधन व बहुधा मादीवर हल्लाही येतो. ‘गडबडीची तयारी’ हा थाई अर्थ दुकानदाराच्या अर्थापेक्षा जीवशास्त्राला जवळचा आहे.

सर्वांत अधिक विपर्यास झाला तो मडक्याचा. सयामी पालक मासा मडक्यात किंवा बाटलीत ठेवी, एवढी गोष्ट जगभर पोहोचली आणि तिला दुसरी एक अर्धवट गोष्ट येऊन मिळाली : हा मासा हवेतून श्वास घेतो. दोहोंच्या बेरजेतून निष्कर्ष निघाला की, यास थोडे पाणी पुरते. हवेतून श्वास घेतो हे सत्य आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घडीदार, रक्तवाहिन्यांनी भरलेले एक इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन तोंडाने घेतलेल्या हवेतील प्राणवायू तेथे शोषला जातो. आपल्याकडील मरळ मासाही कल्ल्यांवरील अशाच पोकळीच्या बळावर बाजारातील थोड्याशा पाण्यात दीर्घकाळ जिवंत राहतो. परंतु बाजारातील टोपलीत मरळ जगतो यावरून ती टोपली त्याचे घर ठरत नाही. हवा घेण्याच्या सामर्थ्याने प्राणवायूची उणीव भरून निघते. माशाच्या शरीरातून सतत बाहेर पडणारा अमोनिया त्याने कमी होत नाही. लिटरभर पाण्यात तो लवकर साठतो, कल्ल्यांना इजा करतो, आणि पाणी दिसावयास स्वच्छच असते. मडक्यातील माशावर जाणकार माणसाची नजर असे व त्याचे पाणी वेळेवर बदलले जाई. मेजावरच्या शोभेच्या बरणीस असा राखणदार क्वचितच लाभतो. ज्या भातखाचरांत व दलदलींत हा मासा मुळात राहतो तेथील पाणी उथळ असते खरे, पण त्याचा विस्तार मोठा असतो व ते वनस्पतींनी भरलेले असते.

यास्तव एका माशास निदान १५ ते २० लिटर पाण्याची पेटी असावी. लांबी उंचीपेक्षा अधिक हवी, कारण लांब परांच्या माशास वारंवार वर येणे श्रमाचे पडते. पाणी व झाकण यांमध्ये हवेसाठी जागा सोडावी, मात्र झाकण असावेच. हा मासा उडी मारतो. मंद प्रवाहाचा गाळक पुरे. गाळकात व वाळूत वाढणारे जंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांची वस्ती नव्या पेटीत जमावयास साधारणतः महिना लागतो, आणि नवख्यांचे मासे बहुधा याच महिन्यात दगावतात. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीही बदलू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरिन सोडियम थायोसल्फेटने काढून टाकावा. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस असावे. मुंबईस बहुतेक वर्षभर ते आपोआप राहते, पुण्या-नाशिकच्या हिवाळी रात्री मात्र तापकाची गरज पडते. टोकदार प्लॅस्टिकच्या शोभेच्या वस्तूंनी पर फाटतात.

आहाराविषयी फार सांगावयास नको. मासा मांसाहारी आहे. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो, आणि कोरडे अन्न द्यावयाचे तर दिवसाला चार-सहा दाणे पुरतात. फुलदाणीत रोपटे लावून खाली बेट्टा सोडण्याची व तो मुळे खाऊन राहतो असे सांगण्याची एक टूम मध्यंतरी निघाली होती. तो मुळे खात नाही, उपाशी राहतो.

मराठी घरांत आणखी एक शब्द माशाच्या जिवावर उठतो, तो म्हणजे ‘जोडी’. पोपट, कबुतरे, मासे ही जोडीनेच आणावीत, एकट्या जिवाला करमत नाही, अशी आपली समजूत. बेट्टाच्या बाबतीत ही दया घातक ठरते. दोन नर एकत्र ठेवणे तर अशक्यच. नर-मादीही अंडी घालण्यापुरतीच व देखरेखीखाली एकत्र आणावी लागतात. अंडी घालून झाली की मादीस ताबडतोब काढून घ्यावे लागते, नाहीतर घरट्याचा रक्षक बनलेला नर तिला फाडून काढतो. पिलांची राखण तो एकटा करतो. घरट्यातून निसटलेली अंडी तोंडात धरून पुन्हा जागेवर ठेवतो. ‘फायटर’ या नावात याचा मागमूस नाही. एकटेपणा ही या माशाच्या जीवनाची सामान्य अवस्था आहे, तिची कीव करण्याचे कारण नाही.

राहिली झुंज. थायलंडच्या १९३५ च्या द्यूतविषयक कायद्याने माशांच्या झुंजीस परवान्याचे बंधन घातले. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या ११ व्या कलमाप्रमाणे करमणुकीसाठी कोणत्याही प्राण्यास दुसऱ्या प्राण्याशी लढावयास लावणे हा अपराध आहे, आणि त्या अधिनियमातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मनुष्येतर प्रत्येक जीव येतो. पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी दोन ‘फायटर’ एका भांड्यात सोडणाऱ्यांस हे बहुधा ठाऊक नसते.

शेवटी एका पानाचा उल्लेख केला पाहिजे. थाई पालक माशाच्या पाण्यात ज्या झाडाची वाळलेली पाने टाकतात त्यास ते ‘हू क्वांग’, म्हणजे हरणाचा कान, म्हणतात. पानाच्या आकारावरून पडलेले हे नाव. याच्या शास्त्रीय नावातील ‘कटप्पा’ हे पद मलायी ‘केतापांग’वरून आले; म्हणजे मासा व पान या दोहोंनाही त्यांची लॅटिन नावे त्याच द्वीपसमूहाने पुरविली. पानातील टॅनिनमुळे पाणी चहासारखे तांबूस होते, त्याची आम्लता किंचित वाढते व काही जंतूंची वाढ रोखली जाते. २० लिटरला एक मध्यम पान पुरेसे असून ते सडू लागताच काढावे. पाणी बदलण्यास मात्र तो पर्याय नव्हे. दुकानांत ही पाने परदेशी वेष्टनात चांगल्या किमतीस विकली जातात. मराठीत त्या झाडास पानावरून नव्हे तर फळावरून ‘बदाम’ म्हणतात, आणि कोकणात व मुंबईत शाळांच्या आवारांतून त्याचा पाचोळा दर हिवाळ्यात झाडून जाळला जातो.