परसबागेचे बारमाही नियोजन

गोव्यातील घरांत दररोज शिजणाऱ्या भाजीचा मोठा भाग घाटापलीकडून, मुख्यत्वे बेळगाव भागातून येतो. घाटातील वाहतूक खंडित झाली की त्याची झळ थेट स्वयंपाकघराला लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा याचा प्रत्यय शहरांप्रमाणे खेड्यांनाही आला. घरामागील परसबाग ही सर्व उणीव भरून काढील असे नाही. तथापि नीट आखलेली लहानशी बागही कुटुंबाच्या आहाराला भरीव हातभार लावू शकते.

परसबागा निष्फळ ठरतात त्या बहुधा मातीच्या दोषाने नव्हे, तर नियोजनाच्या अभावी. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर हाती असलेले सर्व बियाणे एकाच दिवशी पेरले जाते. परिणामी श्रावणात भेंडी शेजारी वाटून संपत नाही आणि दिवाळीला वाफे रिकामे पडतात. म्हणून बागेचा आराखडा पेरणीपूर्वीच कागदावर उतरवला पाहिजे. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी होते. त्याच वेळी बागेचीही यादी करावी.

जागा आणि गरज

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीच्या दैनिक आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे म्हटले आहे. या हिशेबाने पाच प्रौढांच्या कुटुंबाला रोज दोन किलो भाजी लागते. एवढी भाजी वर्षभर घरीच पिकवायची तर साधारण २०० चौरस मीटर जागा हवी. तेवढी जागा नसल्यास १ मीटर रुंद व ४ मीटर लांब अशा पाच वाफ्यांपासून आरंभ करावा. एक मीटर रुंदीचा वाफा दोन्ही बाजूंनी हाताच्या टप्प्यात राहतो, त्यामुळे माती तुडवली जात नाही. जागा दिवसातून किमान सहा तास उन्हात असावी. माडाच्या वा फणसाच्या दाट सावलीत भेंडी, वांगी धरत नाहीत. तेथे अळू लावावे.

जांभ्या दगडापासून बनलेली येथील माती बहुधा आम्लधर्मी असते. माती परीक्षण करून घेऊन शिफारशीप्रमाणे चुना पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे मिसळावा. दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घालावे.

पावसाळी हंगाम

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात चिंता असते ती पाण्याच्या निचऱ्याची. वाफे १५ ते २० सेंटिमीटर उंच करावेत व भोवती चर काढावेत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भेंडी व चवळी पेरावी. भेंडीची तोडणी सुमारे पन्नास दिवसांत सुरू होते. सात शिरांची गावठी भेंडी चतुर्थीच्या सुमारास हाती यावी, असा हिशेब जुन्या गृहिणी ठेवीत आल्या आहेत. कुंपणालगत मांडव उभारून त्यावर काकडी, दोडका, पडवळ चढवावे. माटोळीला बांधायची फळेही मग घरचीच होतात. मिरची लावायची असल्यास मे महिन्यातच आडोशाला रोपे तयार करावीत. काणकोणची खोला मिरची आणि पेडण्यातील हरमल मिरची या भौगोलिक मानांकन लाभलेल्या जातींपैकी खोला मिरची पावसाळ्यात पिकते.

धो धो पावसात पालेभाज्यांची कोवळी रोपे झोडपली जातात. त्या दिवसांत रानातील टायकिळा आणि परसातील अळू यांवर भिस्त ठेवावी. सुरण व कणगी पावसाच्या तोंडावर लावली की हिवाळ्यात काढणीस येतात.

वायंगणी हंगाम

भाताची कापणी झाली की परसबागेचा खरा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये रोपवाटिकेत वांगी, टोमॅटो, नवलकोल यांचे बी टाकावे आणि चार-पाच आठवड्यांनी रोपे लावावीत. तांबडी भाजी २५ ते ३० दिवसांत व मुळा ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. यांचा संपूर्ण वाफा एकदम न पेरता त्याचे चार भाग करावेत आणि दर आठ दिवसांनी एकेक भाग पेरावा. तांबड्या भाजीचे बी अतिशय बारीक असल्याने ते वाळूत मिसळून पेरावे. शेवटचा भाग पेरून होईपर्यंत पहिला कापणीस येऊ लागतो आणि दर आठवड्याला ताजी भाजी मिळते.

मार्चनंतर पाण्याची ओढ लागते. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दररोज साधारण ५ लिटर पाणी लागते. पाचही वाफे राखायचे तर १०० लिटर झाले. विहिरीला तेवढे पाणी नसेल तर दोनच वाफे चालू ठेवावेत आणि बाकीचे पालापाचोळ्याने झाकावेत. न्हाणीचे सांडपाणी केळीकडे वळवावे.

फेरपालट आणि बियाणे

वांगी, मिरची व टोमॅटो ही एकाच कुळातील पिके एकाच वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत. हिरवीगार झाडे दोन-तीन दिवसांत अचानक कोमेजली तर एक खोड कापून त्याचा तुकडा पेलाभर स्वच्छ पाण्यात उभा धरावा. त्यातून दुधासारखी धार उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग समजावा. अशी झाडे मुळांसकट उपटून जाळावीत आणि त्या वाफ्यात पुढे भेंडी किंवा चवळी घ्यावी.

प्रत्येक पिकाची दोन-तीन सशक्त झाडे बियाण्यासाठी राखावीत. पहिल्या बहरातील चांगली शेंग अथवा फळ झाडावरच पक्व होऊ द्यावे. बी सावलीत सुकवून, राखेत घोळून कोरड्या बाटलीत ठेवावे. घरोघरी बी राखले गेले म्हणूनच गावठी जाती आजवर टिकून आहेत.

पेरणी केव्हा केली, उगवण किती झाली, पहिली तोडणी केव्हा मिळाली, याची नोंद एका वहीत ठेवावी. शाळांतून हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवल्यास गणित व विज्ञान या दोहोंचा पाठ मिळेल. मात्र सुट्टीतील पाण्याची व्यवस्था आधी ठरवून घ्यावी. बियाणे, माती परीक्षण व रोगनियंत्रण यांविषयीचा सल्ला विभागीय कृषी कार्यालयांतून मिळू शकतो. यंदाची वही हाच पुढील वर्षाच्या नियोजनाचा सर्वांत विश्वसनीय आधार ठरेल, कारण त्यात त्या परसातील मातीचा, पाण्याचा आणि उन्हाचा अनुभव नोंदलेला असेल.