गॅस्केटला लेप केव्हा लावावा?

विहिरीवरील तेल इंजिनाची किंवा ट्रॅक्टरची दुरुस्ती करताना नव्या गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना शेलॅकचा अथवा सिलिकॉनचा जाड थर देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. थर जितका जाड तितकी गळती कमी, असा समज त्यामागे असतो. तो बरोबर नाही. सांधा बंद करण्याचे काम दाबले गेलेले गॅस्केट करते. लेप हा केवळ त्याचा मदतनीस होय.

लेप कोठे लावू नये?

सिलिंडर व हेड यांमधील गॅस्केट, कारखान्याच्या पुस्तिकेत वेगळी सूचना नसल्यास, कोरडेच बसवावे. तेथील दाब व उष्णता यांपुढे साधा लेप टिकत नाही. सायलेन्सरच्या सांध्यातही तो जळून जातो. रबरी कड्यांना लेपाची गरज नसते. तेलाचे बोट पुरे. डिझेलच्या संपर्कात साधे सिलिकॉन फुगून सुटते. एका सिलिंडरच्या अनेक इंजिनांत इंधन पंपाखालील पातळ पत्र्यांच्या जाडीवर डिझेल फवारण्याची वेळ ठरते, तर सिलिंडरखालील पॅकिंगच्या जाडीवर पिस्टन व हेड यांतील अंतर ठरते. म्हणून तेथे पूर्वीच्याच जाडीचे साहित्य घालावे.

लेप कोठे लावावा?

पाण्याच्या पंपाचे किंवा झाकणाचे कागदी व कॉर्कचे गॅस्केट जागेवर धरून ठेवण्यास पातळ लेप उपयोगी पडतो. गंजाने खड्डे पडलेल्या पृष्ठभागावर, तसेच तीन भाग जेथे एकत्र मिळतात त्या कोपऱ्यावरही लेपाचा ठिपका द्यावा.

लेप लावण्याची रीत

जुने गॅस्केट प्रथम ओले करून काढावे. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. नंतर पृष्ठभाग तेलविरहित व कोरडा करावा. लेप पातळ व अखंड असावा आणि बोल्टच्या छिद्रांच्या आतील बाजूने फिरवावा. बोल्ट समोरासमोरचे घेऊन दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. सिलिकॉन हवेतील ओलाव्याने घट्ट होते. त्यास साधारणपणे २४ तास द्यावेत.

जादा लेप आतल्या बाजूस दबून त्याचे तुकडे सुटतात व तेलाच्या जाळीत अडकतात. वंगण बंद पडले की बेअरिंग जळते आणि थोडक्यात होणारी दुरुस्ती मोठ्या खर्चाची होऊन बसते. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाणी चुकल्यास उत्पन्नात घट येते. अशा वेळी इंजिन बंद पडणे शेतकऱ्यास परवडत नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या पेरणीपूर्वीच इंजिने तपासून घेण्यास शेतकरी बंधूंना सांगावे आणि दुरुस्तीच्या वेळी पुस्तिका मिस्त्रीच्या हाती द्यावी, असा आग्रह धरावा.