लेसरचा किरण आणि त्याचे भिंग

मंडळी, जत्रेत मिळणारे लाल किरणाचे खेळणे तुम्ही पाहिलेच असेल. त्यात मोहरीहून लहान असा एक स्फटिक असतो. तो म्हणजे लेसर डायोड. असा पहिला डायोड १९६२ साली अमेरिकेत उजळला.

डायोडमधून उजेड फाकत बाहेर पडतो. त्याला सरळ वळण लावते ते पुढचे भिंग. कोणते भिंग चांगले, हे हौशी लोक मोजून ठरवतात. काळ्या लेपाच्या चकतीवर किरण पाडायचा. चकती तापते, त्या उष्णतेतून किंचित वीजदाब निर्माण होतो आणि त्यावरून मिलिवॅट कळतात. भिंग बदलले तरी डायोडचा विद्युत्प्रवाह तोच ठेवायचा आणि आकडा स्थिर होईतो थांबायचे.

आता हिशेब पाहा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा ४ उजेड परततो. एका काचेच्या भिंगातून शंभरातले ९२ पार जातात. तीन काचांच्या भिंगाला सहा पृष्ठभाग, म्हणून ७८ च. मग ते घ्यावे कशाला? तर त्याचा ठिपका बहुधा अधिक नेटका पडतो. खास लेप दिला, की ही तूटही बरीच कमी होते.

पण गुरुजी, आपल्या डोळ्यांतही भिंगच आहे! ते सगळा किरण आतल्या पडद्यावर एका बारीक बिंदूत गोळा करते. शिवाय हिरव्या किरणाच्या स्वस्त खेळण्यातून न दिसणारा अवरक्त उजेडही निसटू शकतो. त्याला पापणी मिटत नाही. तेव्हा मुलांना एवढे बजावाच: किरण भिंतीवर पाडा, कुणाच्या तोंडावर नको, आरशावर नको, चकचकीत भांड्यावरही नको.