डॉक्टर, तो शुद्धीवर कधी येईल?

बाइकवरून पडून मेंदूत रक्तस्राव झालेला मित्र आयसीयूत असतो आणि बाहेर अख्खा ग्रुप एकच प्रश्न विचारत असतो. डॉक्टर म्हणतात, ‘‘इतक्यात काही सांगता येणार नाही.’’ तुम्हाला वाटतं, टाळतायत. पण आत बरंच गणित चालू असतं. तेच आज समजून घेऊ या.

पंधरापैकी किती?
पहिला आकडा ‘ग्लासगो कोमा स्केल’चा. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजपट्टी मांडली. डोळे उघडतो का, याचे ४ गुण. बोलतो का, याचे ५. सांगितल्यावर हातपाय हलवतो का, याचे ६. एकूण १५. इथे भोपळा कुणालाच मिळत नाही, कमीत कमी ३ मिळतातच. ८ किंवा त्याखाली आले, तर मार गंभीर समजायचा.

मग टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात का ते बघतात. सीटी स्कॅनमध्ये रक्त कुठे, किती साचलंय आणि त्याच्या दाबाने मेंदू एका बाजूला सरकलाय का, हे दिसतं. वयही मोजलं जातं. तरुण असणं इथे खरंच कामी येतं.

हे सगळं एकत्र करून अंदाज देणारी सूत्रंही आहेत. दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या माहितीवरून तयार झालेलं ‘क्रॅश’ हे सूत्र २००८ मध्ये आलं. पहिल्या १४ दिवसांत जिवाला किती धोका आहे आणि सहा महिन्यांनी मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाची शक्यता किती, हे ते सांगतं. श्रीमंत देशांसाठी वेगळं आणि आपल्यासारख्या देशांसाठी वेगळं, कारण मार तोच असला तरी पुढचं चित्र सगळीकडे सारखं नसतं.

टक्के म्हणजे निकाल नव्हे
‘७० टक्के धोका’ म्हणजे अशा शंभर जणांपैकी सत्तर. तुमचा मित्र त्या सत्तरांत की उरलेल्या तिसांत, हे कुठलंच सूत्र सांगत नाही.

अमेरिकेतल्या ‘ट्रॅक-टीबीआय’ या अभ्यासाचे २०२१ मधले निष्कर्ष बघा. गंभीर मार लागलेल्यांपैकी दोन आठवड्यांनी जेमतेम १२ टक्के जण दिवसातला काही वेळ तरी कुणाच्या मदतीशिवाय राहू शकतील अशा अवस्थेत होते. वर्षभराने हाच आकडा ५२ टक्क्यांवर गेला. दोन आठवड्यांनंतरही भान न आलेल्या ७९ जणांपैकी ६२ जण वर्षाच्या आत भानावर आले. सगळे पूर्वीसारखे झाले असं मात्र नाही.

म्हणून घाईच्या अंदाजात धोका असतो. ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून उपचार लवकर थांबवले, तर पेशंट जातो आणि अंदाज बरोबर होता असं वाटतं. तो खरंच बरोबर होता का, हे मग कधीच कळत नाही.

आणि डिस्चार्ज मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. विसरणं, चिडचिड, लगेच थकणं, लेक्चरला लक्ष न लागणं हे महिनोन्‌महिने राहू शकतं. ‘आता तर ठीक दिसतोस’ असं म्हणण्याआधी हे आठवा. डॉक्टरांनाही नुसतं ‘वाचेल ना?’ विचारू नका. ‘सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः काय काय करू शकेल?’ हेही विचारा.

हे तुमच्या हातात आहे
* अपघात झाला की १०८ ला फोन करा. वेळ लक्षात ठेवा.
* पडल्यावर तो बोलत होता का, उलटी झाली का, हे डॉक्टरांना सांगा.
* ‘मी ठीक आहे’ म्हणत उठला तरी हॉस्पिटलला न्या. कवटीच्या आत रक्त साचत असेल, तर काही तास ठीक वाटून माणूस अचानक बेशुद्ध पडू शकतो. ते रक्त वेळेत काढलं, तर तो पूर्ण बरा होण्याची चांगली शक्यता असते.
* हेल्मेट घाला आणि पट्टा लावा. आरशाला अडकवलेलं हेल्मेट फक्त आरसा वाचवतं.