'कझिन' म्हणजे नेमका कोण?

निकाहच्या दावतीत एखादा तरुण सोबतच्याची ओळख करून देतो, "दादी, हा माझा कझिन." दादीचे समाधान होत नाही. "अरे, पण चाचाचा की मामूचा?" तरुणाला ही चौकशी उगाचची वाटते. खरे म्हणजे दादी अगदी योग्य प्रश्न विचारत असते. तो शब्द तिला अर्धीच माहिती देतो, आणि उरलेली अर्धी ती मागून घेते.

इंग्रजी शब्दकोशात 'कझिन'चा अर्थ सापडतो तो असा: काका, मामा, आत्या किंवा मावशी यांचे मूल. मुलगा की मुलगी तेही त्यातून कळत नाही. म्हणूनच आपल्याकडे 'कझिन ब्रदर' आणि 'कझिन सिस्टर' हे शब्द तयार झाले. इंग्रज त्यांना चूक ठरवतात. पण ती गरज खरी होती, हे मान्य करायला हवे. मराठीत यासाठी आठ शब्द आहेत: चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि तशाच चार बहिणी. उर्दूत चचाजाद, फुफीजाद, मामूजाद, खालाजाद. घरच्या बोलीत चचेरा, फुफेरा, ममेरा, खलेरा.

गंमत अशी की हा शब्द मुळात इतका ढोबळ नव्हताच. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमधला मूळ शब्द 'कॉन्सोब्रिनस'. त्यात 'सोरोर' म्हणजे बहीण दडलेली आहे, कारण तो आधी दोन बहिणींच्या मुलांसाठी वापरत. म्हणजे कझिन हा मुळात मावसभाऊ! 'अंकल' ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ मामा, आणि 'आंट' ज्यापासून आला त्याचा अर्थ आत्या. रोमन लोकांकडे काका आणि मावशीसाठी वेगळे शब्द होते. जुन्या इंग्रजीतही काका, मामा, आत्या, मावशी यांना चार निरनिराळी नावे होती. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच आली आणि पुढच्या काही शतकांत ती नावे मागे पडली. स्वीडिश भाषेने मात्र ती चार नाती आजही वेगळी ठेवली आहेत. तेव्हा साहेबाच्या भाषेत नाती नव्हती असे नाही, ती हरवली.

समानार्थी शब्द पाहिले तर 'रिलेटिव्ह', 'किन', 'किन्समन' हे आणखी ढोबळ. 'कझ' हे लाडाचे लघुरूप. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेटचा सख्खा काका त्यालाच कझिन म्हणतो, म्हणजे त्या काळी पुतण्यासुद्धा त्यात बसत असे. 'सेकंड कझिन' म्हणजे दोन चुलत-मामे भावंडांची मुले एकमेकांची जी लागतात ती. 'वन्स रिमूव्हड' ऐकून कोणाला तरी घराबाहेर काढले आहे असे वाटते, पण त्याचा अर्थ फक्त एका पिढीचे अंतर. चुलतभावाचा मुलगा हा इंग्रजीत 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड'. आपण त्याला सरळ पुतण्या म्हणतो आणि ईदी देतो.

कुरआनच्या सूरह अहजाबमध्ये 50व्या आयतीत चाचा, फुफी, मामू आणि खाला यांच्या मुलींचा उल्लेख चार वेगवेगळ्या शब्दांनी आला आहे. अरबीला तिथे एक शब्द पुरलाच नसता. हजरत अली (रजि.) हे प्रेषितांचे (सल्ल.) चुलतभाऊ, तर हजरत जुबैर (रजि.) हे फुफी हजरत सफिया (रजि.) यांचे पुत्र, म्हणजे आतेभाऊ. इंग्रजी चरित्रात दोघेही नुसतेच 'कझिन' होतात.

निकाहच्या बाबतीत या चारही नात्यांचा हुकूम एकच, परवानगीचा. मग शब्द वेगळे कशाला, असे कोणी विचारेल. हजरत हमजा (रजि.) यांच्या मुलीचे उदाहरण घ्या. ती प्रेषितांची चुलतबहीण. तिच्याशी निकाह करावा असे सुचवले गेले तेव्हा त्यांनी नकार दिला, कारण हजरत हमजा त्यांचे चाचा होते तसे दूधभाऊही होते. दोघांनी एकाच स्त्रीचे दूध प्यायले होते, त्यामुळे ती मुलगी पुतणी ठरली. एकत्र कुटुंबात चाचीने किंवा खालाने बाळाला पाजले असेल तर ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी घरातल्या मोठ्यांची असते. 'कझिन' या शब्दात ते कुठेच मावत नाही.

आणि वारसाहक्कात तर हा फरक पैशांचा होतो. समजा, एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक चुलतभाऊ आणि एक मामेभाऊ. अपत्य नाही, आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, पुतणे, चाचा कोणीही नाही. कर्ज फेडून 12 लाख रुपये उरले. पत्नीला चौथा हिस्सा, 3 लाख. उरलेले 9 लाख चुलतभावाला, कारण बापाच्या बाजूचा पुरुष नातलग म्हणून तो 'असबा' ठरतो. मामेभाऊ 'जविल अरहाम'मध्ये येतो, त्याला काही नाही. मग त्याने आजारपणात कितीही सेवा केलेली असो. त्याला काही द्यायचे असेल तर हयातीतच द्यावे किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत करावी. तशी वसीयत असती तर आधी 4 लाख मामेभावाला मिळाले असते आणि उरलेल्या 8 लाखांतून पत्नीला 2, चुलतभावाला 6.

अशा वेळी प्रतिज्ञापत्रात किंवा वंशावळीत दोघांच्याही नावापुढे 'कझिन' लिहिले तर वाचणाऱ्याला काय कळणार? मराठीत लिहायचे असेल तर 'चुलतभाऊ' पुरे. इंग्रजीतच लिहावे लागले तर 'फादर्स ब्रदर्स सन' किंवा 'मदर्स ब्रदर्स सन' असे पूर्ण लिहावे. आणि त्यासमोर दुव्याच्या माणसाचे, म्हणजे त्या चाचाचे किंवा मामूचे, नावही लिहावे.