वाइंडिंग कारागिरांसाठी नवे काम : रेडिओ-मीटरचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर

पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार यांचे वाइंडिंग करणारे कारागीर आपल्या समाजात पुष्कळ आहेत. बापाकडून मुलाकडे आलेला हा हुनर आहे. परंतु आज अनेक ग्राहक जळालेला पंखा दुरुस्त करण्याऐवजी नवा घेतात. लोखंडी पट्ट्यांच्या वजनदार ट्रान्सफॉर्मरची जागाही हलक्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायने घेतली आहे. हात तयार आहेत, काम मात्र कमी होत आहे. अशा वेळी त्याच हाताला जमणारे आणि थोड्या भांडवलात सुरू होणारे एक काम आज आपण समजून घेऊ. या कामात एक धोकाही आहे. तो मला राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणे गावी कळला. तोही येथे सांगणार आहे.

गरज कोणाला?

सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या रेडिओ सेटवरून दूरवरच्या माणसांशी बोलणारे हौशी लोक आपल्या देशात आहेत. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा याच लोकांनी निरोप पोहोचवले. त्यामुळे हा केवळ खेळ आहे असे समजू नये.

या लोकांना ॲंटेना आणि केबल तपासण्यासाठी मीटर लागते. पूर्वी असे यंत्र मोठ्या प्रयोगशाळेतच दिसे. सन २०१९ च्या सुमारास ‘नॅनो-व्हीएनए’ नावाचे तळहाताएवढे मीटर स्वस्तात मिळू लागले आणि हौशी माणसे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, लहान वर्कशॉपवाले अशा सर्वांच्या टेबलावर ते आले. या मीटरचे तोंड ५० ओहमचे असते. मोजायची वस्तू मात्र कधी ७५ ओहमची, कधी ४५० ओहमची, तर कधी दोन-अडीच हजार ओहमची असते. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर.

साधे उदाहरण घ्या. पुष्कळ हौशी लोक स्वस्त पडते म्हणून टीव्हीची ७५ ओहमची केबल शॉर्टवेव्ह ॲंटेनाला वापरतात. ही केबल पूर्ण चांगली असली, तिच्या टोकाला ७५ ओहमचा योग्य रोधक असला, तरी ५० ओहमचे मीटर तिला १.५ असा एसडब्ल्यूआर दाखवते. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेली शक्ती किती परत फिरते याचे माप. १ हा आकडा उत्तम आणि तो जितका वाढेल तितकी शक्ती अधिक परत येते. न जाणणारा माणूस १.५ पाहून चांगल्या केबलला दोष देतो. केबल निर्दोष असते, मीटर आणि केबल यांची भाषाच वेगळी असते.

वेढ्यांचे गणित

ज्यांनी जुन्या काळी छपरावर दूरदर्शनचे ॲंटेना बसवले आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याच्या घराघरांत चित्र आले. तेव्हा अनेक ॲंटेनांचे तोंड ३०० ओहमचे असे आणि गोल केबल ७५ ओहमची. मध्ये एक छोटी डबी लावत, तिला आपण ‘बलून’ म्हणत होतो. त्या डबीत हेच काम चाले.

नियम सोपा आहे. दुय्यम बाजूला दुप्पट वेढे घातले की व्होल्टेज दुप्पट होते आणि करंट निम्मा होतो. व्होल्टेजला करंटने भागले की इंपीडन्स मिळतो, म्हणून तो चौपट होतो. थोडक्यात, वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग करा, इंपीडन्सचे प्रमाण मिळेल. ५० चे २०० करायचे तर वेढे १ ला २, ५० चे ४५० करायचे तर १ ला ३, आणि ५० चे २४५० करायचे तर १ ला ७. ५० चे ७५ करण्यासाठी ९ ला ११ हे प्रमाण जवळजवळ अचूक बसते : त्याचा वर्ग १.४९ येतो, म्हणजे ५० चे ७४.७ ओहम होतात.

दुसरा नियम कड्याचा. येथे लोखंडी पट्ट्या चालत नाहीत, फेराइटचे कडे लागते. सर्वांत कमी फ्रिक्वेन्सीवर ५० ओहम बाजूच्या वेढ्यांचा प्रेरक रोध किमान चौपट, म्हणजे २०० ओहम तरी असावा. अर्धा इंच व्यासाच्या, ४३ नंबर मालाच्या फेराइट कड्यावर एका वेढ्याला सुमारे ०.४४ मायक्रोहेन्री मिळतात आणि ते वेढ्यांच्या वर्गाने वाढतात. ९ वेढ्यांचे ८१ पट, म्हणजे सुमारे ३५ मायक्रोहेन्री. १ मेगाहर्ट्झला याचे २२० ओहम होतात. म्हणजे १ मेगाहर्ट्झपासून वर, शॉर्टवेव्हच्या पट्ट्यासाठी, हे कडे पुरेसे आहे.

कसा बनवावा?

५० ते ७५ ओहमचा ट्रान्सफॉर्मर नवशिक्यासाठी उत्तम. कड्याची धार इनॅमल खरवडत असेल तर त्यावर आधी नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप एक फेरा गुंडाळा. २८ गेजची इनॅमल तांब्याची तार घ्या. एकूण ११ वेढे घाला आणि ९ वेढे झाल्यावर तारेचा छोटा पीळ काढून टॅप ठेवा. सुरुवातीचे टोक दोन्ही कनेक्टरच्या बॉडीला, नववा टॅप ५० ओहमच्या कनेक्टरला, अखेरचे टोक ७५ ओहमच्या कनेक्टरला. काम संपले.

मोटारीचे शेकडो वेढे मोजणाऱ्याला ११ वेढे म्हणजे काहीच नाही, तरी येथेच चूक होते. तार कड्याच्या भोकातून एकदा आरपार गेली की तो एक वेढा धरावा. बाहेरून दिसणारे फेरे मोजू नयेत, भोकाच्या आतल्या तारा मोजाव्यात. येथे एक वेढा चुकला तर सगळे माप चुकते. वेढे कड्यावर सारखे पसरवा, जोडण्या शक्य तितक्या आखूड ठेवा आणि टोकांचे इनॅमल पूर्ण खरवडूनच सोल्डर करा. मोटारीत चार बोटे तार इकडे-तिकडे चालते. रेडिओ फ्रिक्वेन्सीवर तेवढी तारसुद्धा स्वतंत्र कॉइलसारखी वागते.

गुंजवण्याचा धडा

आता धोक्याकडे वळू. परवानाधारक एका मित्राबरोबर मी गुंजवण्याला गेलो होतो. पुण्याहून नसरापूर, मार्गासनी करत या गावी पोहोचता येते. चोरदरवाजाने राजगड चढणारे येथूनच निघतात. चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे सरळ रेषेत जाणाऱ्या लहरी येथे अडतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वर आकाशात जाऊन परत खाली येतात, म्हणून मित्राला त्या पट्ट्यावर प्रयोग करायचा होता. सुमारे २० मीटर तार झाडाला बांधली. अशा तारेच्या टोकाला दोन-अडीच हजार ओहम असतात, म्हणून मित्राने १ ला ७ वेढ्यांचा एक तयार ट्रान्सफॉर्मर बाजारातून विकत आणला होता.

मीटर लावले. आकडा आला १.२. आम्ही खूश झालो. मित्राने दहा वॅटचा सेट जोडला आणि काही मिनिटे बोलला. त्यानंतर मी डबीला हात लावला तर ती तापलेली होती. उघडली तर आतल्या कड्याचा चटका बसला. मग तार काढून, टोक मोकळे ठेवून, पुन्हा मीटर लावले. काहीच जोडलेले नसताना मीटरने बेसुमार मोठा आकडा दाखवायला हवा होता. त्याने दाखवला केवळ २! म्हणजे कडे स्वतःच जवळपास निम्मी शक्ती खात होते. ते कडे पॉवर सप्लायच्या मेन्स फिल्टरमधले निघाले. दिसायला तेही कडेच, पण त्याचा माल विजेच्या तारेवरचा उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट गिळण्यासाठी बनवलेला. गिळणे हेच त्याचे काम!

बंधूंनो, या मालाची ही सर्वांत वाईट खोड आहे. इतर वस्तूंमध्ये खोट असली की ती वाईट दिसते. या ट्रान्सफॉर्मरमध्ये खोट असली की मीटरचा आकडा उलट चांगला दिसतो, कारण शक्ती परत येण्याआधीच आत जळून जाते. ग्राहकाला कळत नाही, कधी कधी बनवणाऱ्यालाही कळत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल उघड करणारी हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. वरून सुके आणि आतून ओले, अशी ही वस्तू आहे. म्हणून विकण्यापूर्वी आपणच ढिगात हात घातला पाहिजे.

तीन कसोट्या

पहिली कसोटी, भाराची. ७५ ओहमच्या तोंडाला एक टक्का अचूकतेचा ७५ ओहमचा मेटल फिल्म रोधक जोडा. ५० ओहमच्या बाजूने मीटर १.१ च्या आत आले पाहिजे. मोजण्याआधी मीटरचे कॅलिब्रेशन करणे विसरू नका. रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर आहे का हे पाहण्यासारखेच ते आहे.

दुसरी कसोटी, रिकाम्या तोंडाची. रोधक काढून टाका. आकडा एकदम चढला पाहिजे. ९ ला ११ वेढ्यांच्या चांगल्या नगात तो शॉर्टवेव्हवर दहाच्या खूप वर जातो. दोन-तीनवरच अडकला तर तो नग विकू नका. फक्त २ ला १४ वेढ्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा आकडा इतका उंच जात नाही, पाच-सहापर्यंत आला तरी कामचलाऊ समजावा.

तिसरी कसोटी, पाठीला पाठ लावण्याची. एकसारखे दोन नग घ्या आणि त्यांची ७५ ओहमची तोंडे एकमेकांना जोडा. आता दोन्ही बाजूंना ५० ओहम आले. मीटरच्या एका तोंडातून सिग्नल पाठवून दुसऱ्यात घ्या. जी घट दिसेल तिचा निम्मा भाग एका नगाचा. अर्ध्या डीबीच्या आत असेल तर माल चांगला. तुलनेसाठी सांगतो : हेच ५० ते ७५ चे काम दोन रोधकांनी करता येते, एक ४३.३ ओहमचा आणि एक ८६.६ ओहमचा. पण त्यात ५.७ डीबी वाया जातात. ट्रान्सफॉर्मरला किंमत मिळते ती ही घट वाचवण्याची. तो स्वतःच शक्ती खाऊ लागला तर त्याला पैसे का द्यावेत?

आपल्या पुणे जिल्ह्यातच नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तेथे आकाशातील अतिशय क्षीण लहरी ऐकतात. सिग्नल जितका क्षीण, तितकी तोंडाशीच होणारी घट महाग पडते. तेथील काम फार मोठे आणि वेगळे आहे, पण हा नियम तेथे आणि आपल्या डबीत एकच आहे.

व्यवहाराच्या गोष्टी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कडे घेताना रंगावर जाऊ नका. फेराइटची कडी सगळी काळसर-करडी दिसतात. मालाचा नंबर विचारा आणि तो बिलावर लिहून घ्या. लाल रंगाचे कडे लोखंडी भुकटीचे असते. ते ट्यून्ड सर्किटला चांगले, पण या कामाला त्याचे वेढे पुरत नाहीत. भंगारातले कडे शिकण्यासाठी वापरा, विक्रीसाठी नको. नव्या लॉटमधून आधी दोनच कडी आणा, तिन्ही कसोट्या घ्या, मगच मोठी खरेदी करा.

किंमत ठरवताना कडे, तार, दोन कनेक्टर, डबी आणि मजुरी यांबरोबर तपासणीचा वेळही धरा. कनेक्टर हा बहुधा कड्यापेक्षा महाग पडतो, हे विसरू नका. प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी द्या : कड्याचा नंबर, वेढे, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत तपासला, किती डीबी घट आली. जेथे तपासले नाही तेथे ‘चालेल’ असे लिहू नका. वाइंडिंग करणारे हात आणि मीटर समजणारा शिकलेला मुलगा एका घरात असतील, तर हे काम दोघांनी मिळून करावे. ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यासाठी आणि मीटरवर तपासण्यासाठी सेटवरून बोलावे लागत नाही. मात्र सेटचे बटण दाबून बोलायचे तर परवाना हवाच, तेथे हयगय नको.

या धंद्यातून कोणी रातोरात श्रीमंत होणार नाही. हौशी ग्राहक थोडे आहेत, पण ते आपसात बोलतात. एकाच्या हातात खरा नग पडला की त्याची खबर दहा जणांना लागते आणि खोट्या नगाचीही तशीच लागते. माप पुरे देणाऱ्याच्या रोजीत बरकत असते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. येथे माप ओहममध्ये आणि डीबीमध्ये द्यायचे आहे, एवढाच फरक. अल्लाह आपल्या कारागीर बांधवांच्या कष्टांत बरकत देवो. आमीन.